खजिन्याच्या खेळात लिंबूटिंबू कुणीच नको

लपाछपी असो की डोंगर-पाणी, बारकं पोर खेळायला आलं की मोठी मुलं त्याला लिंबूटिंबू करून टाकतात. ते खेळतं, पण आऊट होत नाही. पळतं, पण मोजलं जात नाही. पळापळीच्या खेळात हे खपून जातं, कारण पळायला मिळालं की चार वर्षांचं पोर खूश असतं. खजिना शोधायच्या खेळात मात्र ज्याला चिठ्ठी वाचता येते तोच राजा, आणि बाकीची पलटण त्याच्या मागे नुसती जिने चढते-उतरते.

मुलुंडच्या आमच्या सोसायटीत मी पहिल्यांदा असा खेळ घेतला तेव्हा हेच झालं. गणपतीचे दिवस, अकरा मुलं, वयं ४ ते १२. दोन रात्री जागून मी यमक जुळवून नऊ चिठ्ठ्या लिहिल्या होत्या. सातवीतल्या एका मुलीने त्या सगळ्या एकटीने वाचल्या आणि बारा मिनिटांत खेळ आटोपला. सगळ्यात धाकटा पार्किंगमध्ये रडत बसला होता. खजिना सापडला हेसुद्धा त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

त्यानंतर दरवर्षी गणपतीत आणि मे महिन्याच्या सुट्टीत हा खेळ घेत आले आहे. एक इमारत, आठ-पंधरा मुलं, सगळी वेगवेगळ्या वयांची, आणि तुम्ही पहिल्यांदाच हे करताय, असं धरून पुढचं लिहिलं आहे.

आधी मुलांची यादी

कोडी सुचायला लागली की हात शिवशिवतात, पण थांबा. आधी कागदावर प्रत्येक मुलाचं वय लिहा आणि त्यापुढे त्याला काय वाचता येतं ते लिहा. नुसत्या इयत्तेवरून कळत नाही. मुंबईत एकाच मजल्यावर तिसरीतली दोन मुलं असतात, त्यांतलं एक मराठी गोष्टीचं पुस्तक घडाघडा वाचतं आणि दुसरं इंग्रजी माध्यमातलं असल्यामुळे अक्षरावर बोट ठेवून काना-मात्रा जुळवत बसतं. घरात दोघंही अस्खलित मराठी बोलतात, त्यामुळे आपल्या हे लक्षातच येत नाही. अंकांचंही तसंच. मराठी अंकांची सवय नसलेलं मूल ५ आणि ६ यांत हमखास अडकतं. अशांसाठी अंकाऐवजी ठिपके काढा.

आईवडिलांना दोनच गोष्टी विचारा. कुणाला शेंगदाण्याची किंवा दुसऱ्या कशाची ॲलर्जी आहे का, आणि कोण कशाला घाबरतं. आमच्याकडच्या एका मुलाला लिफ्टच्या आरशाची भीती वाटायची. मी नेमकी तिथेच चिठ्ठी लावली होती.

मग वाकून एक फेरी

सोसायटीतून फिरा, पण नजर कमरेच्या उंचीवर ठेवून. चार वर्षांच्या मुलाला तुम्हाला दिसतं ते दिसत नाही. नोटीस बोर्ड त्याच्या डोक्याच्या वर असतो, आणि तुम्हाला कधीच न दिसलेला नळाचा गंजलेला व्हॉल्व्ह त्याच्या ओळखीचा असतो. टपालपेट्या, नावाची पाटी, तुळशीची कुंडी, जिन्याचा कठडा, वॉचमनची केबिन, झाडाभोवतीचा पार अशा जागांची यादी करा. दहा-बारा मिळाल्या की पुरे.

तितक्याच ठळकपणे नको असलेल्या जागाही लिहा. पाण्याची टाकी, पंपाची खोली, मीटर रूम, लिफ्ट, गच्ची, गाड्यांचा उतार, आणि फाटकाबाहेरचं सगळं. ही यादी मुलांना खेळाआधी मोठ्याने वाचून दाखवायची: ‘इथे काहीही लपवलेलं नाही, शोधत जाऊ नका.’ हे सांगितलं नाही तर हुशार मूल सगळ्यात आधी पंपाच्या खोलीत डोकावतं, कारण लपवायला ती सगळ्यात चांगली जागा आहे हे त्यालाही कळतं.

सेक्रेटरींना विचारा, वॉचमनकाकांना सांगा. आणि झाडू मारायला येणाऱ्या मावशींना तर नक्कीच सांगा. एका वर्षी सकाळी सातला लावलेल्या पाच चिठ्ठ्या आठ वाजता कचऱ्याच्या डब्यात होत्या. त्यांची काहीच चूक नव्हती, मीच सांगितलं नव्हतं.

आखणी शेवटाकडून

खजिना कुठे असणार ते आधी ठरवा. मग तिथे पोचवणारी चिठ्ठी, मग त्या चिठ्ठीपर्यंत पोचवणारी चिठ्ठी, असं मागे मागे या. पुढून लिहीत गेलात तर सहाव्या चिठ्ठीला जागाच उरत नाही, हा अनुभव प्रत्येकजण एकदा घेतोच.

मिश्र वयांच्या मुलांसाठी सहा थांबे पुष्कळ झाले. एकूण खेळ तीस-चाळीस मिनिटांचा ठेवा. त्यापुढे चार वर्षांच्या मुलाला भूक लागते, शू लागते, नाहीतर मांजर दिसतं.

कोणाला काय जमतं

तीन-चार वर्षांच्या मुलाला वाचता येत नाही, पण सारखं काय ते ओळखणं त्याला फार छान जमतं. फुलपाखराचं स्टिकर हातात द्या, चोवीस टपालपेट्यांतली तशाच स्टिकरची पेटी ते तुमच्याआधी शोधेल. त्याच्यासाठी माझं सगळ्यात आवडतं कोडं म्हणजे जवळून काढलेला फोटो. फाटकाची कडी, कठड्याचा उडालेला रंग, कुंडीचा टवका. मोठी मुलं विचार करत बसतात आणि धाकटं सरळ जाऊन बोट ठेवतं, कारण दिवसभर त्याचा त्याच उंचीवर वावर असतो. पाचपर्यंत वस्तू मोजणंही त्याला जमतं. चार-सहा तुकड्यांचं चित्र जुळवायला चालेल, फक्त तुकडे सरळ रेषेत कापा. वासाच्या डब्याही छान: झाकणाला भोकं पाडून आत वेलची, हिंग, कॉफी. कापूर मात्र नको, तो पोटात गेला तर विषारी.

पाच-सहा वर्षांचं मूल अक्षरांच्या उंबरठ्यावर असतं. काना-वेलांटी नसलेले दोन-तीन अक्षरी शब्द ते वाचतं आणि त्याचा त्याला भारी अभिमान असतो. ‘नळ’, ‘गवत’, ‘कमळ’ एवढंच लिहा. रंगवल्यावर उमटणारी अक्षरं या वयाला वेड लावतात. पांढऱ्या कागदावर मेणबत्तीने लिहायचं आणि वरून जलरंगाचा हात मारायचा. याचा आपल्या घरातला प्रकार म्हणजे हळद. अर्धा कप पाण्यात चमचाभर खायचा सोडा विरघळवून कापसाच्या काडीने लिहा आणि वाळू द्या. वरून हळद फिरवली की पिवळ्यावर तांबडी अक्षरं उठतात. हळदीला चुना लावून कुंकू करायचे, त्यातलीच ही गंमत. चुना मात्र मुलांच्या हातात देऊ नका, डोळ्यात जातो. हळद नुसत्या पाण्यात नीट उतरत नाही, थोडं हँड सॅनिटायझर घातलं तर रंग चांगला येतो. कपडे जुने घालून यायला सांगा. लिंबाच्या रसाची अदृश्य शाई सगळ्यांना माहीत असते, पण तिला इस्त्री किंवा आच लागते, म्हणून मी ती वापरत नाही.

सात-आठ वर्षांची मुलं वाक्य वाचतात, घड्याळ बघतात, आरशात धरून उलटी अक्षरं वाचतात. त्यांना नकाशा द्या, पण ‘दहा पावलं चाला’ असं कधीही लिहू नका. सहा वर्षांच्या मुलाची दहा पावलं आणि बारा वर्षांच्या मुलाची दहा पावलं यांत अख्खी मोटार उभी राहील. लाद्या मोजायला सांगा, लादी सगळ्यांना सारखीच. जुनी कोडीही इथे चालतात. ‘बत्तीस चिरे, त्यात नागीण फिरे’ म्हटलं की आजीकडे धाव घ्यावी लागते, आणि तेच आपल्याला हवं असतं.

नऊच्या पुढच्यांना नियम स्वतः शोधायला आवडतं. दोन टप्प्यांचं कोडं द्या: उत्तर सापडलं तरी त्याचं काय करायचं ते पुन्हा शोधायला हवं. उदाहरणार्थ, ‘दादरला चर्चगेटकडे जाणारी धीमी लोकल पकडली आणि तिसऱ्या स्टेशनवर उतरलो.’ प्रभादेवी, लोअर परळ, महालक्ष्मी. आता महालक्ष्मी कुठे? वॉचमनच्या केबिनमधल्या देवीच्या कॅलेंडरवर. एक आजोबा प्रभादेवीचं २०१८ आधीचं एल्फिन्स्टन रोड हेच नाव धरून बसले होते, पण मोजणीत काही फरक पडत नसल्याने वाचलो. मात्र आपल्या मुलांच्या रोजच्या मार्गाची स्टेशनं घ्या. आमची मुलुंडची मुलं मध्य रेल्वे पाठ म्हणतात आणि पश्चिम रेल्वेवर गप्प होतात, त्यामुळे हे कोडं मी बोरिवलीच्या भावंडांसाठी राखून ठेवते.

चौघांचं एकच कोडं

वरची यादी बघून बहुतेकजण काय करतात, तर लहानांसाठी दोन सोपी कोडी आणि मोठ्यांसाठी चार अवघड. मग सोप्या कोड्याच्या वेळी मोठी कंटाळतात किंवा झडप घालून सोडवतात, आणि अवघड कोड्याच्या वेळी लहान पुन्हा लिंबूटिंबू. त्यापेक्षा एकाच कोड्याचे तुकडे करून प्रत्येकाच्या हातात असा तुकडा द्यायचा की त्याच्यावाचून पुढच्याचं अडेल.

आपली मुळाक्षरं यासाठी जणू मुद्दाम मांडल्यासारखी आहेत. ‘क’पासून ‘म’पर्यंत पाच ओळी, प्रत्येक ओळीत पाच अक्षरं. म्हणजे कुठलंही अक्षर दोन आकड्यांत सांगता येतं, आधी ओळ आणि मग त्या ओळीतली जागा. ‘ट’ तिसऱ्या ओळीत पहिला, म्हणून ३१. ‘फ’ पाचव्या ओळीत दुसरा, म्हणून ५२. काना-मात्रा आहे तशीच आकड्याला जोडायची. मग ‘५२ आणि काना, ३१, ११’ म्हणजे काय? फाटक.

यातला एकही आकडा पाचाच्या वर जात नाही, आणि पाचापर्यंत मोजणं हे चार वर्षांच्या मुलाचं काम. म्हणून चिठ्ठीवर आकडे लिहायचेच नाहीत, चित्रं काढायची: पाच आंबे, दोन कावळे, तीन होड्या, एक पतंग, एक छत्री, एक मासा. ही चिठ्ठी फक्त धाकट्याच्या गळ्यातल्या पिशवीत. तो मोजून सांगतो, सहा वर्षांचं मूल आकडे लिहून घेतं. सगळ्यात मोठ्याने पाच ओळींचा तक्ता आठवून काढायचा (‘ङ’ आणि ‘ञ’पाशी कसोटी लागते, हसू नका, स्वतः काढून बघा), आणि आठ वर्षांच्या मुलाने तक्त्यातून अक्षर शोधून वाचायचं. धाकट्याचं मोजणं चुकलं तर फाटकाऐवजी भलतंच काहीतरी निघतं, म्हणून मोठी मुलं त्याच्यासमोर चक्क गुडघ्यावर बसून ‘नीट मोज हं, सावकाश’ म्हणतात. माझा सगळा खटाटोप या एका दृश्यासाठी असतो.

फक्त ‘य’पासून पुढची अक्षरं असलेले शब्द टाळा, म्हणजे तक्ता पाच बाय पाचच राहील.

दुसरा असाच प्रकार काना-मात्रा उडवण्याचा. ‘पटमग शध’ असं लिहायचं, मोठ्यांनी ओळखायचं ‘पाटीमागे शोधा’. पहिल्या वेळी मी एवढंच दिलं आणि निम्मी मुलं टपालपेट्यांकडे गेली, कारण ‘पेटीमागे शोधा’ही तितकंच बरोबर होतं! आता उडवलेली चिन्हं पुठ्ठ्यावर कापून बारक्या मुलांच्या खिशात ठेवते: तीन काने, एक वेलांटी, एक मात्रा, एक काना-मात्रा. ‘पेटीमागे’ला दोन मात्रा लागतात आणि खिशात एकच निघते, त्यामुळे वाद तिथेच मिटतो. बाराखडी शिकणाऱ्या मुलाला तो एवढासा काना सगळ्यांना हवा आहे हे कळलं की ते तो सहजासहजी देतही नाही.

तिसरा प्रकार वाचण्याचा नाहीच, ऐकण्याचा. तळमजल्यावरच्या एखाद्या आजींना तयार करा. त्यांनी फक्त च-च्या भाषेत बोलायचं. शब्दाचं पहिलं अक्षर शेवटी आणि सुरुवातीला च: ‘पाणी’चं ‘चणीपा’, ‘आजी’चं ‘चजीआ’. त्या म्हणतील ‘चठाखालीमा चघब’. माठाखाली बघ. ही भाषा आज्यांना आपल्याहून चांगली येते आणि एकदा सुरू झाल्या की थांबत नाहीत. वाचनाचं ओझं नसल्यामुळे पहिली-दुसरीतली मुलं यात मोठ्यांना मागे टाकतात.

अडलं तर

मुलं अडणार. कोड्याची लांबी तुम्हाला लागणाऱ्या वेळावर ठरवू नका. मी उत्तर बाजूला ठेवून स्वतः सोडवते आणि लागलेल्या वेळाची चौपट धरते.

प्रत्येक कोड्याला तीन इशारे आधीच लिहून ठेवा. पहिला नुसता नजर वळवणारा: ‘चित्रं मोजलीत का?’ दुसरा पद्धत सांगणारा: ‘दोन आकडे मिळून एक अक्षर.’ तिसरा जवळजवळ उत्तर. इशारे एकाच माणसाने द्यायचे, नाहीतर बाल्कनीतून सगळे काका-काकू ओरडायला लागतात. तीन-चार मिनिटं काहीच हललं नाही तर मुलांनी मागायची वाट न बघता पहिला इशारा द्या. मुलं मागत नाहीत, एकमेकांवर चिडतात.

मुद्दाम फसव्या खुणा ठेवू नका. त्याची गरजच पडत नाही. नोटीस बोर्डावरची पाणीकपातीची सूचनासुद्धा त्यांना सांकेतिक वाटते.

तालीम आणि पाऊस

शेजारच्या काकूंना कोडी सुटली म्हणजे काहीच सिद्ध होत नाही. खेळात नसलेलं एखादं मूल, डोंबिवलीचा भाचा वगैरे, पकडून आणा आणि त्याच्यासमोर गप्प बसा. ‘अरे, त्याचा अर्थ असा’ म्हणायची जिथे इच्छा होईल, तिथे चिठ्ठी बदला.

गणपती म्हणजे पाऊस. साधा कागद तासाभरात पापडासारखा सादळतो, भिंतीवरची चिकटपट्टी सुटते, खडूच्या खुणा वाहून जातात. चिठ्ठ्या झिपच्या पिशवीत घाला आणि दोरीला कपड्यांच्या चिमट्याने लावा. मे महिन्यात पावसाचा त्रास नाही, पण पाचच्या आधी सुरू करू नका, ऊन असतं.

त्या दिवशी

चार-चारच्या टोळ्या करा आणि प्रत्येक टोळीत सगळ्या वयांचं एकेक मूल घाला. टोळ्या त्यांना पाडू देऊ नका, नाहीतर सातवीवाले सगळे एकीकडे जातात. प्रत्येक टोळीला एक रंग द्या, आणि आपल्या रंगाचीच चिठ्ठी उचलायची हा नियम सांगा. एक टोळी पहिल्या थांब्यावरून सुरू करेल, दुसरी तिसऱ्यावरून, तिसरी पाचव्यावरून. म्हणजे गर्दी होत नाही आणि कॉपीही नाही. प्रत्येक थांब्यावर टोळीला खजिन्याच्या कुलपाचा एक तुकडा मिळतो आणि सगळ्या टोळ्यांचे तुकडे जमल्याशिवाय पेटी उघडत नाही. त्यामुळे आधी आलेल्यांना मागे राहिलेल्यांची वाट बघावीच लागते. आणि हो, तीन आकड्यांचं नंबरचं कुलूप लावणार असाल तर लक्षात ठेवा, त्याच्या हजारच जोड्या असतात. आमच्या एका पाचवीतल्या मुलाने ०००पासून सुरुवात केली होती, तुकडे यायच्या आत तो चारशेच्या पुढे गेला होता.

पेटीत जे काही ठेवाल ते सगळ्यांना सारखं, मोजून, आणि दोन जास्तीचे. गोल कडक गोळ्या लहानांच्या घशात अडकतात, त्यामुळे नकोत. शेंगदाण्याची अडचण असेल तर चिक्कीऐवजी राजगिऱ्याच्या वड्या.

सोसायटीबाहेर

घरच्या अंगणात जमलं की बाहेर न्यावंसं वाटतं. सार्वजनिक जागी मात्र काहीही लपवू नका, असलेल्या गोष्टी शोधायला लावा. भायखळ्याची राणीची बाग आणि तिला लागूनच असलेलं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय यासाठी उत्तम. संग्रहालय १८७२ पासून आहे आणि तिथे उघड्यावर एक भला मोठा दगडी हत्ती उभा आहे. पोर्तुगिजांनी घारापुरीला ज्याच्यावरून एलिफंटा म्हटलं, तोच हा. लहानांना त्याच्या पाठीचा फोटो द्या, मोठ्यांना ‘बेटाचं नाव इथे उभं आहे’ एवढंच. दोन्ही ठिकाणं बुधवारी बंद असतात.

आवराआवर

किती चिठ्ठ्या लावल्या ते लिहून ठेवा आणि खेळ संपल्यावर तितक्याच परत आल्या का ते मोजा. मी एकदा मोजल्या नाहीत. दिवाळीच्या साफसफाईत आमच्या कमिटीतल्या एका काकांना तुळशीच्या कुंडीमागे प्लास्टिकच्या पिशवीत हळद लागलेला कागद सापडला, त्यावर तांबड्या अक्षरांत ‘चठाखालीमा चघब’. त्यांनी तो चिमट्यात धरून सेक्रेटरींकडे नेला, आणि मला जाऊन सांगावं लागलं की हा जादूटोणा नाही, यात फक्त माठाखाली बघायचं आहे.